भिंतीवरचं अर्धं वचन

गेल्या उन्हाळ्यात चारठाण्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी एक पोरगं बसलेलं, दाढी कोरलेली, डाव्या हातात मोबाइल. कुणीतरी त्याला माझी ओळख सांगितली तसं ते माझ्याकडं वळलं आणि म्हणालं, "आबा, तुमचे वडील म्हंजे याकूब पैलवान ना? चरवी रिकामी झाली तरी जागचे हलत नव्हते म्हणं." आणि हसलं. कौतुकानं हसलं. मला म्हणे फोटो असला तर द्या, स्टेटसला ठेवतो. ताटावरून उठलो. मी हात धुतला आणि मिळेल त्या जीपनं घरी आलो. माझी बायको मार्था असती तर तिनं त्याला ताटावरच दोन शब्द सुनावले असते. ती जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती गेल्यापासून मला बोलायचं असतं तेव्हा समोर कुणी नसतं, म्हणून हे लिहायला घेतलंय. मी चवथी शिकलेला माणूस, शुद्ध-अशुद्ध बघू नका. माझ्या बापाचं लोक आता गोड करून सांगायलेत. ते गोड नव्हतं. त्याला वास होता. तो वास कागदावर उतरला तर उतरवायचा, एवढंच माझं काम.

आमचं घर येलदरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठावर. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं शेणानं सारवलेला ओटा. धरणातून पाणी सोडायच्या आधी भोंगा व्हायचा, मग नदीतून आधी आवाज यायचा आणि आवाजामागून पाणी. माय त्या भोंग्यावर चूल पेटवायची. बाप ठेकेदाराच्या जाळ्यावर मासे ओढायचा आणि ठेकेदाराच्या नजरेतून सुटलेली चिलापी, एखादी मरळ धोतराच्या सोग्यात घालून आणायचा. माय लसूण, सुकं खोबरं आणि लाल मिरची पाट्यावर वाटायची. पाट्यावर वरवंटा फिरायला लागला की शेजारचं मांजर पत्र्यावर येऊन बसायचं. ज्वारीची भाकर, माशाचं कालवण, नाहीतर अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल. गरिबी होती, पण मायच्या हाताला चव होती. ते खाणं मला आजही जिभेवर आठवतं. पण त्या आठवणीत दारूचा वास मिसळलेला आहे, तो वेगळा करता येत नाही. ताटात मासा, आणि समोर बसलेल्या माणसाच्या अंगाला हातभट्टीचा वास. मार्थाला हे माहीत होतं. ती घरात मासे करायची त्या दिवशी दारं-खिडक्या उघड्या ठेवायची, आणि का ते कधी बोलायची नाही.

आजोबाच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती. गावाच्या टोकाला आमची आठ-दहा घरं आणि प्रार्थनेला पत्र्याचं एक शेड. पाद्रीबाबा महिन्यातून एकदा फटफटीवर यायचे. ते येणार असले की आदल्या दिवशी माय काळ्या मनुका भिजत घालायची, सकाळी हातानं कुस्करायची, धुतलेल्या फडक्यातून ते पाणी गाळायची. प्रभुभोजनाला द्राक्षारस म्हणून तेच. पितळी पेल्यात ते लालसर पाणी आणि एकेकाला एकेक घोट. हे काम मायकडं कुणी दिलं नव्हतं, तिनंच घेतलं होतं, आणि त्या दिवशी ती कुणाला चुलीजवळ येऊ द्यायची नाही. बाप दारातून बघायचा आणि म्हणायचा, एवढ्यानं तर माझं नखबी भिजणार न्हाई. माय मान वर करायची नाही. तिचे हात मनुकांत असायचे.

आता बैठकीचं सांगतो, कारण आजच्या पोरांना ती माहीत नाही, नुसत्या गप्पा ऐकलेल्या. आमच्या भागात, आमच्यासारख्या लोकांत, तेव्हा लग्नाला बैठक असायची. पंगत बसायच्या आधी नवऱ्याकडचा एक गडी आणि नवरीकडचा एक गडी घोंगडीवर समोरासमोर बसवायचे. मधे दारूची चरवी. दोघांना एकाच मापाचा पितळी पेला. खायला फुटाणे आणि मीठ, दुसरं काही नाही. भोवती दोन्हीकडचे पुरुष कोंडाळं करून. जो ओकला तो हरला, जो आडवा झाला तो हरला, आणि जो जागेवरून उठला तोही हरला. ज्याचा गडी बसून राहिला त्या बाजूची पंगत आधी बसायची आणि त्या गड्याला सगळ्यांसमोर फेटा बांधायचे. ज्या घरात असा पिणारा नसेल ते दुसऱ्या गावचा घेऊन जायचे. माझा बाप असा नेला जायचा. पैशासाठी नाही, मानासाठी. लांबलांबून बैलगाड्या यायच्या, दारात उभं राहून गाडीवान विचारायचा, "पैलवान हाईत का घरी?" ज्या माणसानं जन्मात लंगोट कसला नाही, तो पैलवान. मग बाप अंगात सदरा घालत बाहेर यायचा, आणि त्याच्या चालीत अशी मिजास की जणू कलेक्टरचं बोलावणं आलंय.

जागेवरून उठायचं नाही म्हणजे लघवीलाही नाही. एवढं पिऊन माणूस किती वेळ बसणार. समोरचा गडी शेवटी उठायचाच, लाज होती म्हणून उठायचा. माझा बाप उठायचा नाही. बसल्या जागी धोतरात करायचा. घोंगडी ओली व्हायची, आणि भोवतीचे पुरुष आनंदानं मांड्या थोपटायचे. म्हणायचे, बघा, याकूब उठला न्हाई. हे त्याचं शौर्य. जिंतुरापासून सेलूपर्यंत त्याचं नाव झालं ते या गोष्टीनं. त्या लग्नातल्या पोरानं मोबाइल पुढं करून मला विचारलं होतं ते हेच. हलत नव्हते म्हणं. हलत नव्हता, बाबा. हलला असता तर बरं झालं असतं.

गाडी घेऊन त्याला आणायला मी जायचो. मिसरूड फुटल्यापासून ते काम माझ्याकडं. त्याला काखेत धरून गाडीत टाकायचं, डोकं एका कुशीला करायचं म्हणजे ओकताना गुदमरत नाही. डोक्यावर नवा फेटा, मिशीला ओकारी, आणि कमरेखालचं धोतर ओलं, वर माशा. वाटेत शुद्धीवर आला की मला सांगायचा, समोरचा गडी कसा घामाघूम झाला, त्याचे डोळे कसे फिरले. मी बैलाच्या शेपटीकडं बघत राहायचो. घरी आल्यावर माय धोतर काठीनं उचलायची, राखेत लोळवायची, मग नदीवर नेऊन दगडावर आपटायची. बायका बाजूला सरकून तिला जागा द्यायच्या. तो मान म्हणून का विटाळ म्हणून, ते मला लहानपणी कळत नव्हतं. नंतर कळलं.

एका रविवारी पाद्रीबाबांनी शास्त्रातलं दारूवरचं वचन वाचायला घेतलं. माझ्या मते बापासाठीच घेतलं होतं, कारण वाचताना ते आमच्या बाजूला बघत होते. यशया संदेष्ट्याचं ते बोलणं. त्याचा मतलब असा, की जे प्यायला मोठे शूर आणि दारू रिचवायला मोठे वीर, त्यांचा धिक्कार. मग त्यांनी नोहाचं सांगितलं, एवढा देवाचा माणूस, पण पिऊन तंबूत उघडा पडला आणि पोरांना पाठमोरं चालत जाऊन त्याच्यावर पांघरूण घालावं लागलं. मग नीतिसूत्रांतलं, की पेल्यात लाल दिसते, घशातून सरळ उतरते आणि मागून सापासारखी डसते. माय पदराचं टोक दातात धरून ऐकत होती. मी बापाकडं बघत होतो. मला वाटलं, आज हा मान खाली घालेल. आणि बघतो तर त्याचा चेहरा उजळलेला. प्रार्थना संपल्यावर तो पुढं गेला, पाद्रीबाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, आज लय भारी बोललात, आमच्यासारख्यांचं नाव शास्त्रात हाय हे आमाला म्हाईतच नव्हतं. पाद्रीबाबांनी हात सोडवून घेतला. त्यांनी पुन्हा समजावलं, याकूब, तो संदेष्टा टोमणा मारतोय, ही शिवी आहे. बाप म्हणाला, शिवी देताना का हुईना, शूर म्हनला ना. भित्र्याला कुणी शूर म्हनत न्हाई.

त्याला ते खरंच तसं वाटलं. यात सोंग नव्हतं. बैठकीत शिव्या हाच मान असतो. पेला रिकामा केला की भोवतीचे लोक आईबहिणीवरून शिव्या देत पाठ थोपटतात. त्याचे कान त्या भाषेला सरावलेले. देवाचा संदेष्टाही त्याला घोंगडीभोवतीच्या गर्दीतला वाटला. मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केलाय, एवढी वर्षं. माणसाला शरम वाटावी म्हणून जे सांगावं तेच त्यानं बिल्ल्यासारखं छातीला लावलं, तर त्याला कुठल्या शब्दानं मारायचं?

पुढं त्यानं आणखी कळस केला. निवडणुकीत भिंती रंगवणारा एक पेंटर त्याच्या ओळखीचा. त्याला मरळ खाऊ घालून बापानं आमच्या पुढच्या भिंतीवर, दाराच्या वर, निळ्या रंगात लिहून घेतलं: पिण्यात शूर, रिचवण्यात वीर. खाली लहान अक्षरात, पवित्र शास्त्र. धिक्काराचा शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाला, दारावर वंगाळ शबुद कशाला. मायला अक्षर येत नव्हतं. तिनं मला वाचायला लावलं, मी वाचलं, ती आत गेली आणि भाकरी थापायला लागली. त्या दिवशी भाकरी जाड झाल्या.

याच काळात मला मार्था भेटली. मी माशाची टोपली घेऊन सेलूच्या बाजाराला जायचो, आणि देवगाव फाट्यावर गाडी बदलावी लागायची. फाट्यावर दाऊद नावाच्या ख्रिस्ती माणसाचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि वर ताडपत्री. त्याची पोरगी चहा गाळायची. मला पहिल्यांदा बोलली ती अशी, "टोपली तिकडं लांब ठिवा, गिऱ्हाइकं पळायलेत." पुढच्या आठवड्यात मी टोपली लांब ठेवूनच आलो तर म्हणाली, "आज माणसालाच वास यायलाय." मी हसलो. मग तिला कळलं मी कुणाचा. तिनं किटली खाली ठेवली आणि नीट माझ्याकडं बघितलं.

"त्या पिणाऱ्याचे का तुमी?"

"हो."

"तुमी पिता?"

"न्हाई. आमच्या घरचं धुणं कोण धुतं ते बघितलंय मी."

तिनं किटली उचलली. माझ्या बशीत आणखी थोडा चहा ओतला. मी पैसे देऊ लागलो तर वरच्या चहाचे घेतले नाहीत. एवढंच आमचं. आताची पोरं याला काय म्हणतील ते म्हणोत, पण गाडीत बसलो तेव्हा माझं ठरलं होतं, करीन तर हिच्याशी. आणि मनात धाकधूकही तेव्हाच सुरू झाली. दाऊद रोज शास्त्र वाचणारा माणूस. हा आमच्या दारी आला आणि त्यानं ती भिंत वाचली, तर पोरगी देईल कशाला?

तरी मी मायच्या कानावर घातलं आणि सोयरिकीचा निरोप गेला, तिनंच पाद्रीबाबांकरवी पाठवला, आणि दाऊदनं यायचं ठरलं. त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण, रूथबाई. बायको नव्हती त्याला, त्यामुळं घरातलं सगळं या बहिणीच्या शब्दावर. मी बापाला आठ दिवस आधीपासून विनवत होतो, भिंतीवर चुना मारू. तो म्हणायचा, व्याह्याला कळू दे कुणाच्या घरात पोरगी द्यायलाय. वरून, पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच त्याला बैठकीला घेऊन गेले. सकाळी गाडीतून उतरला तो फेट्यासकट. मायनं त्याला विहिरीवर नेऊन अंगावर पाणी ओतलं, सदरा बदलला. तिनं काढलेलं धोतर घरामागं लिंबाखाली पडलं. धुवायला वेळ नव्हता.

पाहुणे आले, सलाम झाला. दाऊद उंच, वाळका, पायात टायरच्या चपला. ओट्यावर बसायच्या आधी तो भिंतीपुढं उभा राहिला आणि ओठ हलवत वाचलं. मग बसला. मायनं सुशीला केलेला, मुरमुरे मऊ भिजवून, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर, ताटल्या आणून दिल्या. दाऊदनं ताटली मांडीवर घेतली आणि विचारलं, हे कुणी लिवलं. बाप खूश झाला. म्हणाला, शास्त्रातलंच हाय, पाव्हणे, तुमी तर रोज वाचता म्हणं.

"वाचतो, म्हणूनच इचारायलोय," दाऊद म्हणाला. "ह्याच्या आधी एक शबुद असतो. तो कुठं गेला?"

"भिंत पुरली न्हाई."

बापाचे दोन दोस्त कोपऱ्यात बसलेले, ते हसले. दाऊदही जरासा हसला. म्हणाला, "शास्त्रात एका राजाच्याबी भिंतीवर अक्षरं उमटली हुती. तोबी पीतच बसला हुता. त्यानं निदान इचारलं तरी, ह्याचा अर्थ काय म्हणून."

त्या राजाचं त्याच रात्री राज्य गेलं आणि जीवही, ते बापाला माहीत नव्हतं, पण टोमणा आहे एवढं कळलं. मग बोलणं लग्नावर आलं. दाऊदचं म्हणणं साधं होतं. देणंघेणं काही नको, मानपान नको, फाट्यावर आमच्या प्रार्थनेच्या शेडमधी लग्न लावू, वरण-भात आणि बुंदी घालू. फक्त बैठक नको. आमच्याकडून बसायला कुणी नाही आणि कुणी असता तरी मी बसवला नसता. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, एवढं कुणीही कबूल करेल. पण बापाचा चेहरा असा झाला की जणू घरात कुणी गेल्याची खबर आली. अख्ख्या तालुक्याच्या लग्नांत बसला तो, आणि एकुलत्या एका पोराच्या लग्नात बसायचं नाही? लोक काय म्हणतील? याकूब व्याह्याला भ्याला म्हणतील. दाऊदनं पुन्हा सांगितलं, समोर बसायला माणूसच नाही. तेव्हा बाप म्हणाला, "न्हाई तर न्हाई. मी एकटा बसतो. तुमी नुसते पेले मोजा."

दाऊदनं ताटली खाली ठेवली. एक घासही खाल्लेला नव्हता. माझ्या मायकडं बघून म्हणाला, ताई, चहा राहू द्या, आमाला गाडी गाठायची हाय. मी दारात उभा होतो. माझं सगळं चाललं होतं समोरून, आणि मला बोलायचा हक्क नव्हता. आमच्यात पोराच्या सोयरिकीत पोरगा बोलत नाही.

तेव्हा माय उठली आणि घरामागं गेली. परत आली ती ते धोतर घेऊन. काठीवर नाही, हातात धरून. पिवळं पडलेलं, जागोजागी वाळून कडक झालेलं. ओट्यावर कपडे वाळवायची तार होती, त्या अक्षरांच्या बरोबर खाली. तिनं ते तारेवर पसरलं, कोपरे ओढून सरळ केलं, सणाची साडी वाळत घालावी तसं. ओटाभर वास सुटला. रूथबाईनं नाकाला पदर लावला.

"मला अक्षर येत न्हाई, पाव्हणे," माय म्हणाली. "मला हे येतं. कालचंच हाय. आज धुतलं न्हाई."

मला वाटलं, आता धरणी फाटेल. बाप तिला मारील नाहीतर स्वतः कुठंतरी निघून जाईल. लग्न तर मोडल्यातच जमा. माझ्या मायनं आपल्या घराची अब्रू आपल्या हातानं तारेवर टांगली होती, आणि तिला माहीत होतं की याच्यानंतर कुणी पोरगी देणार नाही. तिनं तरी टांगली. आणि बापानं काय करावं? तो हसला. खरंच हसला. पुढं सरकून दाऊदला सांगायला लागला, की हे कालच्या बैठकीतलं, समोर लय दांडगा गडी हुता, चार वेळा कमरेतनं वाकला आन शेवटी पळाला भिताडाकडं, पण मी म्हनलं, याकूब, जागा सोडायची न्हाई, हुतंय तर हू दे. धोतराकडं बोट दाखवून सांगत होता. मायनं दाखवलेली घाण त्यानं फेट्याशेजारी नेऊन ठेवली. रूथबाई ओट्याच्या कडेला सरकली. दोस्तांनी सवयीनं मांड्या थोपटल्या. ओट्यावर सुशीलाच्या ताटल्या, त्यावर माशा उतरलेल्या, आणि तो सांगतच होता.

दाऊद बापाकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं वळला. "पोरा, तुजं लगीन हाय. हे ऐकून तुला काय वाटतं? खरं सांग. बापाकडं बघू नको."

मी बापाकडं बघितलं नाही. "किळस येती," म्हणालो.

बाप थांबला. "काय म्हनला?"

"किळस येती, बा. तुमची."

आता इतक्या वर्षांनी लोक मला विचारतात, बापाला असं चारचौघांत बोललास, पस्तावा नाही होत? नाही. अजून नाही. तो एकच शब्द त्याला लागला. संदेष्ट्याचा लागला नाही, पाद्रीबाबाचा लागला नाही, मायचा पण नाही, कारण ते सगळे त्याला कुठल्या ना कुठल्या रीतीनं शूर म्हणत होते असं तो समजत होता. किळसेला शूर म्हणता येत नाही. तो उठला. मग त्यानं चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सापडेना, तसाच एका चपलेवर नदीकडं गेला. दोस्तही उठून गेले.  शेवटी रूथबाईनं पदर नाकावरून काढला आणि म्हणाली, "दाऊद, खाली बस. मी म्हनते चहा येऊ दे. ह्या बाईच्या हाताखाली पोरगी द्यायला मी भीत न्हाई." मायनं धोतर तारेवरून काढलं, नदीवर गेली नाही, सरळ चुलीत घातलं. ते जळतानाही वास आलाच. संध्याकाळी तिनं पांढरी माती कालवली आणि भिंत पोतारली. बापानं रात्री येऊन बघितलं असणार.  माझ्याशी लग्नापर्यंत एक शब्द नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी बोरीकडून एक गाडी आली. त्यांच्याही पोराचं लग्न, तेच मुहूर्ताचे दिवस, आणि त्यांना बसायला माणूस हवा होता. बाप सदरा घालून गाडीत बसला. माय दारात उभी होती. तिनं अडवलं नाही. आमच्या लग्नात सगळे विचारत होते, व्याही कुठं आहेत. माय म्हणायची, कामाला गेलेत. एवढंच आणि चेहरा कोरा. पाद्रीबाबांनी विचारलं, वडलांच्या जागी कोण उभं राहील, तेव्हा माय स्वतः पुढं आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. बुंदी चांगली झाली होती. मी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्थाला बसनं घरी आणली. दुपार झाली होती. तिनं पदर खोचला, घर बघितलं, विहीर बघितली, मायला विचारून चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. कशाला ते मला कळलं नाही. ऊन कलताना गाडीचा आवाज आला. बाप आला. डोक्यावर गुलाबी फेटा, मागं चारजण, त्यातला एक डालड्याचा डबा वाजवतोय. उतरला तसा तोल गेला, चाकाला धरून उभा राहिला. धोतराकडं मी बघितलं नाही. दारात नवी सून बघून त्याला भरून आलं. माझ्यावरचा राग विसरला असावा, किंवा हीच जागा त्याला हवी होती दाखवायला. म्हणाला, "सूनबाई, पाया पड. तुज्या सासऱ्यानं बोरीचा गडी आडवा करून आनलाय."

डबा थांबला. सगळे बघायला लागले. मार्थानं पदर डोक्यावर ओढला, आवाज चढवला नाही, पण स्पष्ट बोलली.

"मामा, आंघोळ करून या. पाणी तापवलंय. मग पडते."

कुणीतरी हसलं. बाप तिच्याकडं बघत राहिला. त्याला चिडायचं होतं, पण पाणी तापवून ठेवणाऱ्या सुनेवर चिडायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. तो घरामागं गेला. तिकडून तांब्याचे आवाज येत राहिले, फार वेळ. बाहेरची माणसं एकेक करून निघून गेली, गाडीही गेली. मग तो आला. धुतलेलं धोतर, ओले केस कपाळाला चिकटलेले, डोक्यावर काही नाही. फेट्याशिवाय तो इतका बारका दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पाय जुळवून उभा राहिला. मार्था पुढं झाली. वाकण्याआधी तिची छाती भरली, ओठ घट्ट मिटले, आणि पाया पडून पुन्हा सरळ होईपर्यंत तिनं श्वास सोडला नाही. आंघोळीनं आतला वास जात नाही.

तो सुधारला असं कुणी समजू नये. पोटात पाणी होऊन मरेपर्यंत पीत राहिला. बैठका आपोआप बंद पडल्या, तरी तो घरी बसून एकटा प्यायचा आणि स्वतःच स्वतःला शाबासकी द्यायचा. मार्था दर नाताळला, दर ईस्टरला त्याच्या पाया पडायची, आधी आंघोळ घालून, आणि दरवेळी तसाच श्वास धरून. मला ते बघवत नव्हतं. एकदा मी चिडून विचारलं, एवढी किळस येते तर वाकतेस कशाला. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "मान द्यायचा असतो," म्हणाली. "वास घ्यायचा नसतो."